फिट आणल्याशिवाय कामावर नाही

चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला दवाखाना, आणि त्या दवाखान्यातली सिस्टर म्हणजे मी. सतरा वर्षं झाली. कोणाचं काय दुखतंय ते रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, पण सांगताना तो माणूस काय बोलला याला रकानाच नाही. मग ते सगळं माझ्याकडे साठत जातं. मोशीला घरी जाताना बसमध्ये मी एकटीच हसते, तेव्हा शेजारची बाई जरा सरकून बसते!

*

पॅकिंगचा महादू मावळातला. घरी शर्यतीचे बैल. शर्यत आली की ह्याचं पोट दुखणार म्हणजे दुखणारच!

एकदा त्याचा असाच फोन आला, तेव्हा एचआरचे कुलथे साहेब नेमके माझ्यासमोर बसलेले. मी फोन स्पीकरवर टाकला.

"सिस्टर, पोटात लई दुखतंय. आज जमायचं न्हाई."

मागे हलगी वाजत होती, आणि कोणीतरी माइकवर "भिर्रर्र!" करून ओरडत होतं.

साहेबांनी विचारलं, "महादू, हा कसला आवाज?"

"साहेब, तेच तर सांगतोय! सकाळधरनं पोटात असाच आवाज येतोय!"

साहेबांनी हसत हसत रजा दिली. दुसऱ्या दिवशी महादू पेढे घेऊन हजर. "पोट पहिल्या नंबरानं बरं झालं, साहेब!"

*

कुलथे साहेबांचा नियम असा, की तीन दिवसांपेक्षा जास्त आजारी पडलात तर कामावर येताना डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणायचं. एवढं लांबलचक नाव कोण घेतो? शॉपवर, म्हणजे आत मशिनींवर, सगळे नुसतं 'फिट' म्हणतात.

टूलरूमच्या बालाजीला टायफॉइड झाला. मूळचा लातूरकडचा, थेरगावात खोली करून आईबरोबर राहतो. सुपरवायझरने फोन केला तो आईने उचलला. "बालाजीला सांगा, फिट आणल्याशिवाय कामावर घेणार नाही," एवढं बोलून ह्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी माउली बस बदलत बदलत थेट चाकणला! माझ्यासमोर उभी राहिली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बाई, आमच्या सात पिढ्यांत कुणाला फिट आली न्हाई. लेकराला आता कुठून आणू? टायफाडवर भागवून घ्या की!"

मी तिला आधी चहा पाजला, मग समजावलं. जाताना सुपरवायझरला तिने जे सुनावलं ते मात्र इथे लिहिता येणार नाही.

*

स्टोअरच्या शिंदेमामांची कंबर धरली. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, 'पंधरा दिवस लाइट ड्यूटी.' तिसऱ्या दिवशी मी सहज शॉपवर गेले, तर मामा शिडीवर, हातात ट्यूब!

"मामा, खाली उतरा आधी!"

"उतरतो की. पण लाइटची ड्यूटी तुमीच लिवली ना सिस्टर?"

सुपरवायझरने त्यांना इमानेइतबारे इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली दिलं होतं. तेव्हापासून डॉक्टर मराठीत लिहायला लागले, 'हलकं काम द्यावं.' ती चिठ्ठी वाचून मामा आणखीनच भडकले. "एवढी वर्षं इज्जतीत काढली, अन् आता हलकी कामं करू व्हय?"

*

कुलथे साहेबांना एक खोड होती. कोणी आठवडाभर घरी राहिला की खरंच आजारी आहे का, हे बघायला ते त्याच्या घरी जायचे. लोक चिडायचे. मीही चिडायचे, खोटं कशाला बोलू?

मग साहेबांनाच डेंग्यू झाला. गावाकडचं कोणी जवळ नाही. संध्याकाळी दार वाजलं, तर बाहेर टूलरूमचे सहा जण. पुढे इस्माईलभाई, हातात शहाळी. साहेब ओशाळून म्हणाले, "काय भाई, तपासायला आलात?"

"नाही साहेब," भाई म्हणाले. "तपासायला तुम्ही येता. आम्ही बघायला आलो."

त्यानंतरही साहेबांच्या फेऱ्या थांबल्या नाहीत, पण ते जाताना फळं न्यायला लागले. आमची माणसं अशी आहेत. मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि हे मी कुठेही सांगते.

*

पुढच्याच वर्षी इस्माईलभाईंना लकवा झाला. हा माणूस आमचा सगळ्यात जुना डाय फिटर. पत्रा दाबून पार्ट काढायचा साचा, म्हणजे डाय, प्रेसमध्ये बसवावा तो भाईंनीच. बालाजी त्यांच्याच हाताखाली शिकला.

सात महिन्यांनी भाई परत आले. पाय चालत होता, जीभ चालत होती, उजवा हात मात्र पाना धरेना. वरून निरोप आला होता, की पूर्वीचं काम जमत असेल तरच घ्या, नाहीतर हिशेब करून घरी पाठवा. कुलथे साहेबांचा चेहरा पडला होता. ते म्हणाले, "भाई, एक डाय बसवून दाखवा. मला कागदावर काहीतरी लिहावं लागेल."

मी रक्तदाबाचं मशीन घेऊन शेजारीच उभी राहिले. भाई प्रेससमोर स्टुलावर बसले. बालाजीने पाना उचलला.

"अर्धा फेरा. हां. आता समोरचा. अरे, घाई कसली आहे? लग्नाला जायचंय का?"

पहिला पार्ट निघाला. भाईंनी डाव्या अंगठ्याने त्याची कड चाचपली. "खरखर आहे. पाव फेरा अजून." दुसरा निघाला. "केसभर." तिसरा त्यांनी नुसता हातात घेतला आणि इन्स्पेक्शनला पाठवला. तिकडून ओकेचा शिक्का मारून आला!

टाळ्या वाजल्या. माझे डोळे भरून आले.

साहेब मात्र म्हणाले, "पण भाई, पाना तर बालाजीने फिरवला."

बालाजी पुढे झाला. "साहेब, मला विचारा ना! पाना कुणीबी फिरवतं. कुठं थांबायचं ते भाईंनाच कळतंय."

साहेबांनी पुन्हा एकदा तो पार्ट हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं. मग फॉर्म उघडला. त्यात एक रकाना असतो, 'कामावर परतण्यासाठी कामगाराला लागणारं साहित्य.' कोणाला पट्टा लागतो, कोणाला खुर्ची.

"भाई, काय लिहू?"

"बालाजी लिहा."

साहेबांनी लिहिलं. शेजारी संख्येचा रकाना होता. तिथे पेन टेकवून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यांनी विचारलं, "किती नग?"

भाई म्हणाले, "एकच पुरे साहेब. दोन झाले की गप्पा मारतात!"