लाल पेन्सिलीची यादी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय? ज्यांना सांगायला हवं होतं ते चाचा आता नाहीत.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आमच्या साखर कारखान्यात पहिला संगणक आला आणि त्यावर मी, नुकताच कोर्स केलेली. कुणाचा ऊस कधी तोडायचा, हे तोवर शेतकी खात्यातले चाचा ठरवत. येरमाळ्याहून एसटीनं येत आणि आल्या आल्या विचारत, "चाय झाला का बेटा?" ती हाक ऐकावी असं अजून किती वाटतं! लागणीच्या तारखेनं ते क्रम लावत, पण ज्याची विहीर आटली त्याच्या नावापुढं लाल पेन्सिलीची खूण — त्याला तोड आधी.

प्रोग्राम मी लिहिलाय, असं सगळे समजत. खरं तर — तो नदीकाठच्या एका कारखान्यातून फ्लॉपीवर आणलेला. तिथं तीन हंगाम बिनचूक चालला होता. मी त्यातलं नाव खोडून माझं घातलं, एवढंच. साहेबांनी पाठ थोपटली, मीही थोपटून घेतली. पण तिथल्या विहिरी आटत नव्हत्या. लाल खुणेला त्यात जागाच नव्हती, आणि ती करायची कशी, मला येत नव्हतं. विचारणार कुणाला? प्रोग्राम तर माझा ना?

त्या दुष्काळात चाचांनी तेवीस नावांची यादी माझ्या हातात दिली. 'घातली' म्हणाले मी. त्यांनी छापील क्रम तपासलाही नाही, इतका विश्वास. तेवीस जणांचा ऊस उभ्या उभ्या वाळला. माणसं कचेरीत आली, साहेबांनी विचारलं, आणि मी म्हणाले — यादी मला मिळालीच नाही.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता बोलतील. ते कपाट उघडून यादी शोधायला लागले. मीही त्यांच्यासोबत शोधली. ती माझ्या पर्समध्ये होती.

"दिल्यावानी वाटतंय... पर डोस्कं चालंना बेटा आता," ते म्हणाले.

त्यांना गेटवर उसाच्या गाड्या मोजायला बसवलं. रोज सकाळी मी आत शिरताना ते तसंच विचारत, "चाय झाला का बेटा?"

झालेला नसायचा. 'झाला चाचा' म्हणून मी पुढं जायची.