सुतळीवरचा चष्मा

आमच्या गावच्या विहारासाठी मी सागवानाची बुद्धमूर्ती कोरत होतो. एक पापणी झाली होती, दुसरी उरली होती. त्या बारीक कामासाठी लाखनीहून जाड भिंगांचा चष्मा आणला होता. चष्मेवाला नको म्हणत होता, पण मी हट्टाला पेटलो. मला लाकडाची रेष न् रेष दिसायला हवी होती.

ती दिसत होती, पण तोंड लाकडाजवळ वीतभर नेल्यावरच. मी मान वाकवली, पटाशी टेकवली, हातोडी उचलली. तेवढ्यात समोर उभ्या बायकोनं माझं मनगट धरलं.

"सोड! हात हालला तर मूर्ती जाईन!" मी ओरडलो.

"जाऊनच राहिली. चष्मा काढून पाहा."

मी चिडून चष्मा उतरवला, मागे सरकलो आणि हातोडी खाली ठेवली. आखलेली पापणी पहिलीपेक्षा दोन तांदळांएवढी खाली होती. त्या भिंगांतून एका वेळी मूर्तीचा एकच डोळा दिसत होता.

बायकोनं मला चष्म्याशिवाय, रोजच्यासारखं कामाला बसवलं आणि माझ्या डोळ्यापासून पटाशीच्या टोकापर्यंत सुतळी ताणून गाठ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुतळी घेऊन लाखनीला गेलो; चष्मेवाल्यानं त्याच अंतरावर अक्षरं धरून माझे डोळे तपासले. नंबर निम्म्यावर आला.

"याच्यातून रेषा दिसून नाही राहिल्या," नवा चष्मा लावून मी कुरकुरलो.

"मूर्तीचे दोन्ही डोळे संगंच दिसतीन ना?" बायको म्हणाली. "विहारात लोकं रेषा पाहाले येतीन का?"