मामांचा पाय आणि तेलकट तबकड्या

ज्या वस्तूला तेलाचं बोटही लागू द्यायचं नसतं, तिला मी वाटीभर उंडीचं तेल पाजलं.

ती वस्तू म्हणजे माझ्या मालमोटारीचे शॉक ॲब्सॉर्बर. हल्लीच्या गाड्यांना असतात तसले बंद नळीतले नव्हेत. आमच्या गाडीला कात्रीसारखे दोन लोखंडी दांडे होते, एक वरच्या सांगाड्याला, एक खालच्या ॲक्सलला, आणि दोन्ही जिथे मिळत तिथे बोल्टाने आवळलेल्या लाकडी तबकड्या. खड्डा आला की गाडीचे पोलादी स्प्रिंगपाटे उसळत, तबकड्या एकमेकींवर घासत आणि त्या घासण्यातच उसळी जिरून जाई. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की त्या करकरतात.

आणि आमच्याकडे जे करकरतं त्याला तेल देतात. रहाट करकरला, तेल. झोपाळा करकरला, तेल. पाहुणा करकरू लागला तर त्याच्या भातावर तुपाची धार जरा सैल सोडतात.

गाडी मी कोल्हापुरातून जुनी घेतली होती. पुढे दोघांची बैठक, मागे उघडा हौदा. बंदरावरची कौलं, पोती आत गावांत पोचवायची. रत्नागिरीत तेव्हा मोटारी इतक्या थोड्या होत्या, की हॉर्न वाजला की लोक मोटारीचं नाही, मालकाचं नाव घेत. त्यामुळे माझं माझ्याविषयी बरंच चांगलं मत झालेलं होतं.

त्या वैशाखात हातखंब्याच्या पलीकडे राहणारे माझे मामा फणस काढताना झाडावरून पडले. फणस शाबूत उतरला, मामा मांडी मोडून. हाडवैद्याने बांबूच्या कांबी बांधल्या आणि सांगितलं की मांडीचं हाड माझ्या हातचं नव्हे, रत्नागिरीला दवाखान्यात न्या. पण वाटेत पाय हलता कामा नये. हाड सरकलं तर पाय आखूड राहील. मामांची सगळी शेती डोंगरउतारावर, चढणीची. आखूड पायाने ती व्हायची नाही.

वाडीतले चौघे डोली घेऊन न्यायला तयार होते. मी त्यांना हसलो. म्हटलं, डोलीने कसले नेता, उन्हात दुपार होईल, माझी गाडी बघता बघता पोचवते. मामांचा माझ्यावर विश्वास होता. तो कशामुळे होता, हे मला अजून कळलेलं नाही.

आदल्या संध्याकाळी मी विचार केला, आजारी माणसाला करकर नको. आणि वाटी घेऊन गाडीखाली शिरलो.

सकाळी हौद्यात गवत पसरलं, त्यावर काथ्याची बाज, बाजेवर मामा. उशाशी मामी, बाज धरायला ते चौघे. मामींनी डोलीचा बांबूही बरोबर घ्यायला लावला. मी म्हटलं, कशाला? त्या म्हणाल्या, असू दे. सपाटीवर गाडी अशी निमूट चालली की मी मागे वळून विचारलं, "मामा, आवाज येतोय का काही?" नाही म्हणाले. मी शीळ घातली.

मग पऱ्यावरची, त्या छोट्या ओढ्यावरची मोरी आली. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. मोरी मागे पडली तरी गाडीचं आपलं चालूच. भरतीच्या वेळी बंदरात नांगरलेला मचवा डुलतो तशी ती पुढच्या वळणापर्यंत डुलत राहिली. पहिल्या उसळीला मामा ओरडले. दुसरीला त्यांनी देवाचं नाव घेतलं. तिसरीला माझं घेतलं. वेग कमी केला तर प्रत्येक दगड वेगळा मोजून लागे, वाढवला तर सगळे एकदम. मी सुकाणू धरल्यासारखा चाक धरून बसलो होतो आणि गाडीला जे करायचं ते ती करत होती.

थांबलो. खाली शिरून तबकड्यांना हात लावला, तर लोण्याचा गोळा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. धोतराच्या सोग्याने पुसल्या, गवताने पुसल्या, रस्त्यावरची तांबडी धूळ चोळली. पाना लावून बोल्ट आवळला, तर चरकातून उसाचा रस यावा तसं लाकडातून तेल यायला लागलं. जितकं आवळावं तितकं जास्त.

"काय रे, काय झालं?" मामांनी वरून विचारलं.

"काही नाही मामा. जरा तेल जास्त झालंय."

"मग कमी कर."

ते कसं करतात, हेच मला ठाऊक नव्हतं. मग सुचलं की चामडं घासतं. एकाची कोयती मागून घेतली आणि माझ्या नव्याकोऱ्या वहाणांचे तळ गोल कापले. मागच्या दोन तबकड्या काढून त्या जागी वहाणा बसवल्या. पुढच्या दोहोंसाठी मी चौघांच्या पायांकडे पाहिलं. त्यांनी जन्मात पायात काही घातलं नव्हतं. मामांच्या वहाणा तेवढ्या त्यांच्या उशाशी होत्या. मी हात पुढे केला. मामींनी त्या ओढून मांडीवर घेतल्या.

"त्यांना परत चालत यायचंय," त्या म्हणाल्या.

म्हणून पुढच्या तशाच ठेवल्या. एकदा सैल सोडून फसलेला माणूस दुसऱ्यांदा जसं आवळील, तशा मी मागच्या आवळल्या, पान्याला लोंबकळून. परिणाम असा झाला की गाडी पुढून मचव्यासारखी डुलू लागली आणि मागून मुसळासारखी आपटू लागली. मामा मागे होते.

पुढच्या दगडाला ते ओरडलेच नाहीत. मामींचा हात धरला आणि डोळे मिटले. कांबींपैकी एक सरकून बाहेर आलेली मी पाहिली. उन्हात, अनवाणी, हातात पाना घेऊन मी उभा होतो, आणि त्या पान्याने आवळण्यासारखं किंवा सैल करण्यासारखं आता काहीच उरलेलं नव्हतं.

मामींनी कांब पुन्हा बांधली. चौघांनी बांबू काढला, बाज त्याला दोरांनी अडकवली, पुढे-मागे खांदे दिले आणि चालू लागले. एका लयीत, पाणी न हिंदकळवता घागर न्यावी तसे. मी मागून रिकामी गाडी त्यांच्या चालीने हाकू लागलो. पुढे जावं तर लाज, सोडून जावं तर गाडी रस्त्यात. शेवटी रेडिएटर उकळला आणि तेही पुढे निघून गेले. मी दवाखान्यात पोचलो तोवर मामांचा पाय ताणून धरायला त्याला वजन टांगून झालं होतं.

डॉक्टर म्हणाले, हाड थोडं सरकलं होतं, जागेवर आणलंय. पाय सारखा राहील की नाही ते उभं राहिल्यावरच कळेल. उभं राहायचं ते श्रावणात. तोवर मला करण्यासारखं एकच होतं, ते मी केलं. मुंबईच्या मेहुण्यांना लिहून नव्या तबकड्या मागवल्या. पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीने त्या आल्या. कोरड्या ठणठणीत चढवल्या, बोल्ट बेताने आवळले आणि त्यानंतर कुणी तेलाचा दिवा घेऊन गाडीच्या जवळपास आलं तरी मी त्याला लांब पिटाळी. भरली कळशी हौद्यात ठेवून मी गाडी फिरवून पाहिली. फारसं सांडलं नाही.

रोज दवाखान्यात जायचो. मामा माझ्याशी पावसाबद्दल बोलत, लावणीबद्दल बोलत, पायाबद्दल नाही.

श्रावणात ते काठी घेऊन दवाखान्याच्या पडवीतून चालले. मी भिंतीला टेकून त्यांच्या टाचांकडे बघत होतो. दोन्ही टाचा सारख्या टेकत होत्या. मामी पदराने डोळे पुसत होत्या आणि मला एकदम भूक लागली.

धावत जाऊन गाडी दाराशी आणली. गवत, त्यावर घोंगडी, त्यावर उशी. मामा सावकाश पायऱ्या उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून तबकड्यांकडे पाहिलं.

"नव्या?"

"मुंबईच्या, मामा. तेलाचा टिपूस नाही. बसा."

त्यांनी हौद्याच्या फळीवर हात ठेवून जोर दिला. गाडी एकदाच दबली आणि गप्प राहिली. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मामांनी काठी उचलून फाटकाकडे इशारा केला. तिथे पावसासाठी पानांची इरली पांघरून ते चौघे डोली घेऊन उभे होते. निरोप कधी गेला, मला पत्ता नव्हता.

डोलीत बसताना मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "एक पाय डॉक्टरांनी जोडून दिलाय. दुसरा मी तुझ्या गाडीसाठी पाळलेला नाही."