यांच्या कंपनीतला आळशी शिपाई

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच, पण आधी तोंडातला चहा तेवढा गिळून घ्या.

मी लग्न होऊन पौडला आले तेव्हा कॉम्प्युटर नावाचं खोकं आमच्या आळीत कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि आमचे हे पुण्यातली चांगली नोकरी सोडून पिरंगुटला भाड्याच्या खोलीत सॉफ्टवेअरची कंपनी काढून बसलेले! त्या खोक्याला कारखान्यांची कामं शिकवायची. कुणाचा पगार किती, गोदामात माल किती, असला काहीतरी धंदा. माझ्या वडिलांना त्यातलं ‘कंपनी’ एवढंच कळलं, आणि माझं लग्न ठरलं.

आता, सासूबाईंसमोर नवऱ्याशी गप्पा मारायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यात मी जन्माची अबोल! सकाळी डबा देताना आणि संध्याकाळी रिकामा घेताना जी दोन वाक्यं व्हायची, तेवढाच आमचा संवाद.

“डबा पुरला का?”

“कसला पुरतोय! इंजिनिअर उपाशी होता.”

दुसऱ्या दिवशी म्हणायचे, “हिशेबनीस पंखा घेऊ देत नाही.” पुढे कधीतरी, “विक्रीवाला उरवड्याच्या कारखान्यात दुपारभर बसून आला. शेठ काही भेटले नाहीत.”

मी गुपचूप ऐकायची आणि मनात एकेकाचं चित्र काढायची. इंजिनिअर किडकिडीत, चष्मेवाला, बिचारा. त्याच्यासाठी मी दोन भाकरी जास्त बांधायला लागले. हिशेबनीस चिक्कू, नाकात बोलणारा. विक्रीवाला गोडबोल्या, पायाला भिंगरी. आणि शिपाई? त्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. यांच्या कपड्यांना रोज धूळ! का, तर म्हणे, “शिपाई झाडायला विसरला.”

धुणं कोणाला धुवायला लागतं? मला!

शेवटी एकदा न राहवून बोललेच, “असल्या शिपायाला काढून का नाही टाकत?”

हे इतके हसले, की सासूबाई चुलीपुढून उठून आल्या. “काय झालं रं?”

“काही नाही आई. तुझी सून लई हुशार हाय.”

मी आपली दिवसभर फुगून टम्म!

मग आली खंडेनवमी. हत्यारांची, यंत्रांची पूजा. हे म्हणाले, “यंदा आमच्या मशीनची पूजा तू कर. उरवड्याचे शेठही येणारेत. त्यांचं काम मिळालं तर कंपनी तरली. नाहीतर दिवाळीनंतर मी परत नोकरीला.”

पहिल्यांदा कंपनीत जायचं, तर मालकिणीनं रिकाम्या हातानं जायचं का? पुरणपोळ्या केल्या आणि पौडच्या दुकानातून माणशी एक टॉवेल-टोपी आणली.

“एवढं कुनाला गं?” सासूबाईंनी विचारलं.

“कंपनीतल्या माणसांना, आत्याबाई.”

“मानसं? मला तर कदी दिसली न्हाईत!”

त्यांना कशी दिसणार? त्या तरी कुठं पिरंगुटच्या खोलीत गेल्या होत्या! पुरणपोळ्यांची पाटी घेऊन दोघी एसटीत बसलो.

खोलीत पोचलो तर एक टेबल, एक खुर्ची, झेंडूची माळ घातलेलं खोकं, आणि खुर्चीत बसून यांची उलटतपासणी घेणारे शेठ.

“ते सगळं खरं वो. पन मशीन बंद पडलं तर धावून कोन येनार? मानसं हायेत का तुमच्याकडं?”

हे तोंड उघडणार, तेवढ्यात मी बोलले. मी! जिचा आवाज शेजारणीनं ऐकला नव्हता!

“आहेत की! चांगली चार आहेत.” आणि टेबलावर टॉवेल-टोप्या मांडल्या. “आधी इंजिनिअर भाऊजींना बोलवा. उपाशी असतील.”

हे माझ्याकडे बघतायत, मी दाराकडे बघतेय.

“तू ते... खरं समजत होतीस?” हे पुटपुटले. “मला वाटलं, तूही फिरकी घेतेयस!”

“बोलवा की,” शेठ म्हणाले. “आमाला बी बघू द्या.”

यांनी एक टोपी उचलून डोक्यावर घातली. “हा इंजिनिअर.” तिच्यावर दुसरी. “हा हिशेबनीस.” तिच्यावर तिसरी. “तुमच्या दारात दुपारभर बसला होता तो हा.” चौथी चढवली तेव्हा डोक्यावर देवळाचा कळस झाला होता. “आणि हा शिपाई.”

जमीन दुभंगली असती, तर मी पुरणपोळ्यांसकट आत गेले असते.

“समदे तुमीच?” शेठ म्हणाले. “आन् आजारी पडलात म्हंजे?”

दारातून सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, “आजारी पडायला त्याला सवड कुटं हाय?”

शेठ खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले. “माज्याकडं चौघांच्या कामाला आठ जन हायेत, आन् हितं उलटंच! काम दिलं तुमाला. पन एक मानूस ठेवा. तुमी भाईर गेलात की हितं कोन?”

मी मात्र टोप्यांच्या त्या कळसाकडे बघत होते. उपाशी राहणारा, पंखा नाकारणारा, दुपारभर ताटकळणारा, सगळे हेच! घरी येऊन कधी कुरकुर केली नाही, उलट हसवायला बघत होते. निदान माझ्या दोन भाकरी योग्य पोटात गेल्या होत्या.

यांनी सगळ्यात वरची टोपी काढून माझ्या हातात दिली. “तुझ्या सांगण्यावरून शिपायाला काढलं. जागा रिकामी आहे.”

दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीत रुजू! पुढच्याच आठवड्यात शेठ आले, बसण्याआधी खुर्चीवरून बोट फिरवलं आणि ते धुळीनं भरलेलं बोट माझ्यापुढं धरलं.

“वैनी, आदीचा शिपाई बरा व्हता!”