सात पानांचा फुटवा

बोरगाव मेघेच्या घरातला गुलाब मोठ्या आईनं मारला नव्हता. मी मारला होता.

आज तिची तेरवी झाली.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काकांना आम्ही मोठे बाबा म्हणतो.

सत्त्याण्णव साली बीएस्सीला वर्ध्यात ॲडमिशन मिळाली आणि मी सिंदीहून त्यांच्याकडे, बोरगाव मेघेला, राहायला आलो. माझा विषय बॉटनी. मोठी आई चौथी शिकलेली. पहिल्या दिवसापासून मला 'प्रोफेसर' म्हणायची.

मोठ्या बाबांची बदली तेव्हा नाशिककडे झाली होती. ते दिवाळीला यायचे, मग एकदम होळीला. जाताना बाकी काही सांगायचे नाहीत, फक्त गुलाबाचं सांगून जायचे.

नागपूरच्या नर्सरीतून आणलेला, हायब्रिड टी जातीचा, कलमी. लांब दांड्यावर एकच फूल, गडद लाल, मुठीएवढं.

मोठी आई त्याला 'साहेब' म्हणायची.

"साह्यबाले पाणी देल्लं का रे?"

मेच्या उन्हात त्याच्यावर ओलं तरट बांधायची. बाजूच्या कळ्या नखानं खुडायची, म्हणजे मधली एकच मोठी होते. वांगी, मिरच्या, कढीपत्ता, सगळे अंग चोरून उभे. अंगण साहेबाचं.

दसऱ्यानंतर तिनं छाटणी केली. दिवाळी झाली, मोठे बाबा परत गेले, आणि झाडाच्या बुडातून एक नवा फुटवा निघाला. सरळ, हिरवागार. बघता बघता गुडघ्याएवढा.

ती कैची घेऊन आली.

"हे कापा लागते, बाबू. जंगली हाये."

"काऊन?"

"डोळा भरला त्याच्या खालून निघालं ना हे. साह्यबाच्या देठाले पाच पानं, याले सात. मोज."

हे तिनं माहेरी पाहिलं होतं. तिचे वडील शेताच्या धुऱ्यावरच्या जंगली बोरींवर चांगल्या बोराचे डोळे भरायचे, म्हणजे कलम करायचे. खालचं वाढलं का वरचं मरते, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

मी मोजली नाहीत.

"मोठी आई, जास्त पानं म्हणजे जास्त अन्न. झाड स्ट्राँग होऊन राह्यलं, आन तू कापून राह्यली!"

"अरे, पण बोरीले..."

"बोर आन गुलाब एक हाये का? चौथी पास लोकायनं बॉटनी नाई शिकवू."

हसत म्हणालो. तीही हसली.

"बरं बा, प्रोफेसर साहेब."

कैची खिळ्याला अडकवून आत गेली.

तिला माहीत होतं, तरी तिनं माझं ऐकलं. कारण मी शिकत होतो.

जानेवारीत कॉलेजमध्ये कलमाचं प्रॅक्टिकल झालं. खाली जंगली खुंट, त्यावर भरलेला डोळा, आणि खुंटाला फुटवा आला तर ताबडतोब काढायचा. मी सुबक डायग्राम काढली. बाण काढून नावं दिली.

घरी आलो. अंगणात उभं राहून पहिल्यांदा पानं मोजली.

सात.

साहेब अजून जिवंत होता. वरच्या दोन फांद्या हिरव्या होत्या. कैची खिळ्यालाच होती.

पण फुटवा कापला असता तर तिनं विचारलं असतं, काऊन रे, आता काऊन?

मी आत जाऊन चहा प्यालो.

होळीला मोठे बाबा आले. फुटवा त्यांच्या डोक्याच्या वर गेला होता, त्याला बटणाएवढ्या फिक्कट फुलांचे झुबके. साहेबाच्या फांद्या काळ्या पडलेल्या.

"हे कोनं ठेवलं?"

मोठी आई दारात उभी होती, हाताला पुरण लागलेलं.

मी म्हणालो, "मोठ्या आईले वाटलं, नवी फांदी हाये."

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"हो," ती म्हणाली. "मले का समजते त्यातलं."

मोठे बाबा ओरडले नाहीत. त्यांनी त्याचा किस्सा केला.

"हिच्या हाती साहेब देल्ला, हिनं जंगल करून वापस देल्लं!"

माझ्या लग्नात नव्या सुनेला हाच किस्सा. माझ्या मुलीच्या बारशाला पुन्हा. सगळे हसायचे. ती तोंडाला पदर लावून हसायची. मीही हसायचो.

गुलाब तिनं परत लावला नाही.

शेजारच्या बायका रोपाबद्दल विचारायला आल्या तर म्हणायची, "मले नाई समजत, बाई. आमच्या प्रोफेसरले विचारा."

टोमणा होता की खरंच तसं वाटायला लागलं होतं तिला, मी कधी विचारलं नाही. खरंच वाटायला लागलं असेल तर मी फक्त एक झाड मारलेलं नाही.

आज जेवणं झाल्यावर मोठ्या बाबांनी तोच किस्सा काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी सांगत होते. "हिच्या हाती साहेब देल्ला..." पाहुणे थोडे हसले.

मी म्हणालो, "मोठे बाबा, ती कापून राह्यली होती. म्याच कापू नाई देल्लं. आन मंग तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांना कमी ऐकू येतं. पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं. सगळ्या मांडवानं ऐकलं.

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले,

"मंग मी एवढे वर्षं कोनाले हासून राह्यलो होतो?"

उठून तिच्या फोटोसमोर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. मी हे लिहितोय तेव्हाही तिथेच आहेत.

तिच्यासाठी सांगितलं, की माझं ओझं उतरावं म्हणून, मला ठरवता येत नाही. माझं उतरलं नाही. त्यांच्यावर मात्र चढलं.

सांगायचं तर ती होती तेव्हा सांगायचं होतं. दर दिवाळीला तिच्यासमोर बसून चिवडा खाल्ला आहे मी.

इथे लिहितोय, कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी हा किस्सा ऐकला आहे, हसलाही आहात. आता तो तसा सांगू नका.

आणि कृपा करून खाली कमेंटमध्ये 'मन मोठं आहे तुझं' असं लिहू नका.

मोठी आई, मोजली मी. सातच होती. तुझं बरोबर होतं.

सुखानं जाजो.