फॉर्म पिशवीत ठेव

नातीने समाजशास्त्रात एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा मी तोंडावर म्हणालो, "समाज बघायला कॉलेज कशाला? चौकात उभी राहा." मी आठवी नापास. बरखेड्याच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला. बायको मात्र नातीच्या बाजूने. "कळत नाही तिथे पाना घालू नका," म्हणायची.

पुढे बायको आजारपणात गेली. त्यानंतर आठ महिन्यांनी नातीच्या प्रबंधाची वेळ आली. विषय होता, पेशंटबरोबर आलेले नातेवाईक इस्पितळाबाहेर कसे दिवस काढतात. मुलाखती तीस हव्या होत्या, दहा दिवसांत मिळाल्या चार. तिच्या कॉलेजातल्या बाईंनी साफ सांगितलं, मुलाखती नाहीत तर प्रबंध नाही.

"आबा, सोडते मी. बँकेची परीक्षा देते."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बायको असती तर तिने मलाच फाडून खाल्लं असतं.

"उद्या मी येतो," म्हटलं.

साकेत नगरचा इस्पितळासमोरचा तो रस्ता मी आठ महिने टाळला होता. त्याच फुटपाथवर सतरंजी टाकून तीन आठवडे बसलो होतो मी.

नातीने फॉर्म काढला की समोरच्या बाईने आधार कार्ड पुढे केलं. "बेटी, हमारा भी नाम लिख लो."

"अम्मा, ही सरकारी योजना नाही, अभ्यास आहे," असं नातीने हिंदीत खरं ते सांगितलं. बाईने कार्ड परत घेतलं आणि पाठ फिरवली.

"रोज असंच होतं, आबा."

"पहिला प्रश्न काय तुझा?"

"महिन्याचं उत्पन्न."

"वा! घरी पाहुणा आला की पगार विचारतेस का? फॉर्म पिशवीत ठेव."

मी त्या बाईशेजारी बसकण मारली. "अम्मा, मिलने का टाइम हो गया. आप ऊपर हो आओ, सामान मैं देखता हूँ."

तिने मला वरखाली न्याहाळलं, नातीकडे बघितलं आणि गेली. परत आली ती डोळे पुसत, आणि आपणहून बोलायला लागली. नवरा, शेत, गावाकडची पोरं, सगळं. संध्याकाळपर्यंत आमच्याभोवती सात गाठोडी जमली आणि नातीची अर्धी वही भरली.

"तुम्हाला हे सुचलं कसं?" तिने विचारलं.

घरात कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिथे बोललो. "वॉर्डात गाठोडं नेऊ देत नाहीत. तुझी आजी गेली तेव्हा मी खाली सामान राखत बसलो होतो. म्हटलं, कुणी ओळखीचं दिसलं की त्याला बसवून वर जाऊ."

तिचं पेन थांबलं.

"लिही," म्हटलं. "तीस हव्यात ना? माझी एक धर."

'सामान कोण सांभाळतं?' हा प्रश्न तिने फॉर्मात सगळ्यात वर घातला. प्रबंध झाला, एम.ए. झालं. आता एका संस्थेत नोकरी करते, पेशंटच्या नातेवाइकांसाठी बसायची खोली चालवते. पगार बँकेपेक्षा कमी, ते मी तिला ऐकवतोच. पण खोलीत पंख्याच्याही आधी तिने सामानाच्या लोखंडी मांडण्या मागून घेतल्या. त्यांचे बोल्ट परवा मी आवळून आलो. पाना माझाच.

एक मांडणी अजून डुगडुगते. उद्या जाऊन बघतो.