मापाचं पोलकं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

तीस-बत्तीस सालाकडची गोष्ट. घर मांडवीत. पुरुषमाणसं मुंबईला, बोटीवर. घरात सासूबाई, मी आणि धाकटी जाऊ यमुना. उन्हाळा तोंडावर आला की सगळ्यांची मलमलीची सैल पोलकी हातमशीनवर मीच शिवायची. मापाला माझ्या लग्नातलं एक जुनं पोलकं ठेवलं होतं. ते कापडावर पसरायचं आणि त्याच्या कडेनं, जिला जेवढं सैल हवं तेवढं सोडून, बेतायचं. बाळंतपणांनंतर ते मला होईनासं झालं. यमुनेला मात्र अगदी अंगासरसं बसे — आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई.

एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच.

यमुनेला मूल नव्हतं. आता काही झालं नाही तर मुलाला दुसरी बायको करीन, असं सासूबाईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं. शिमग्याला दीर घरी येऊन गेले, आणि त्या चैत्रात तिला बाहेर बसायला उशीर झाला. थोडासाच, बाईमाणसाला होतो तसा. ती बोलली नाही, पण एका घरात हे लपतं का? मला कळलं. आणि मला — कसं सांगू — गंमत सुचली.

तिच्यादेखत मी कापड भिजवून वाळवलं, म्हणजे पुढे आटलं म्हणायला जागा नको. तिच्यादेखतच मापाचं पोलकं पसरून बरोबर कापलं. शिवताना मात्र बगलेखाली दोन्हीकडे बोटभर कापड जास्त आत घेतलं.

तिनं घालून पाहिलं.

"वयनी, ह्ये छातीत दाटतंय वो."

"माप त्येच हाय. तूच भरलीस गो."

तिनं दोन्ही हात छातीवर ठेवले. हसली, रडली, माझ्या पाया पडली. मी तोंडभरून आशीर्वाद दिला! सासूबाईंनी शेजारीपाजारी गूळ वाटला, मुंबईला निरोप धाडला. तेव्हा तरी थांबायचं होतं ना? मी तिचं दुसरं पोलकं आणखी तंग शिवलं. मला मजा वाटत होती.

मग एके सकाळी ती बाहेर बसली. मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून. सवत टाळायला सोंग केलंस, म्हणून सासूबाईंनी तिला नको नको ते ऐकवलं. ती एवढंच म्हणत राहिली, "पोलकी दाटत होती वो. वयनींना इचारा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पोलकं उलटं करून दाखवलं असतं तरी पुरे होतं. आतलं जास्तीचं कापड कुणालाही दिसलं असतं.

"मी मापानं शिवलं," मी म्हटलं. "तिच्या मनातलं मला काय ठाव?"

तिला केळशीला माहेरी धाडलं. जाताना अंगात माझंच पोलकं होतं. हात वर करून डोक्यावर बोचकं घेताना ते बगलेत ओढलं गेलं, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं का? मी नजर वळवली नाही. ती परत आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दिरांच्या नव्या बायकोसाठी मी तेच जुनं पोलकं कापडावर पसरलं. नवं शिवलेलं सैल, छान बसलं तिला. आरशात पाहता पाहता तिनं विचारलं, पहिली का गेली.

खोटारडी होती, मी म्हटलं.